कुष्ठरोगातील व्रण व शस्त्रक्रिया

कुष्ठरोग हा त्वचा व परिसरीय तंत्रिका (मज्जातंतू) यांचा चिरकारी शोथजन्य (दाहयुक्त सूज आणणारा) रोग होय. त्यामुळे हातापायांना येणारी व्यंगे आणि वर्षानुवर्षे न भरणारे व्रण यांवर पद्धतशीर शस्त्रक्रिया होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. तिला इतका विलंब लागण्याचे कारण शस्त्रांची उणीव हे नसून एक चुकीची समजूत हे होते.

नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा सूक्ष्मजंतू शोधला. तरीही रुग्णाचे मांसच सडके असते, त्यावर केलेली जखम भरणार नाही, असे वैद्यकातही दीर्घकाळ मानले जाई. त्यामुळे मृत अस्थी काढणे किंवा अवयव छेदून टाकणे यापलीकडे शस्त्रवैद्य सहसा जात नसत. निर्धन रुग्णांना अलग ठेवण्यासाठी १८९८ मध्ये केलेला कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता, यावरून या रोगाच्या भीतीची मुळे किती खोल होती हे दिसते.

ही समजूत खोडून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने वेल्लोर येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांना जाते. १९४७ च्या सुमारास त्यांनी रुग्णांचे हात तपासले, तेव्हा वाकड्या बोटांच्या हातातही काही स्नायू पूर्ण सशक्त असल्याचे त्यांना आढळले. शस्त्रक्रियेच्या जखमाही अन्य माणसांप्रमाणेच भरून येत. मग बोटे झिजत कशाने? वेदनेच्या अभावाने, हे त्याचे उत्तर होते. गरम भांडे, घट्ट कुलूप, रुतलेला काटा यांची जाणीवच रुग्णाला होत नाही. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडीत, तेही कळत नसे. म्हणून ब्रँड यांनी रुग्णांना मांजरे पाळावयास दिली. हा उपाय साधा असला, तरी रोगाचे खरे स्वरूप त्यातून स्पष्ट होते.

तळपायाच्या व्रणाबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे. निरोगी माणूस पाय दुखताच लंगडतो व त्यामुळे दुखऱ्या जागेवरील भार हलतो. बधिर पायाचा रुग्ण त्याच जागेवर भार देत चालत राहतो. बुलढाणा जिल्ह्यासारख्या कापूस-ज्वारीच्या प्रदेशात धसकटांनी भरलेल्या शेतातून अनवाणी वावरणाऱ्याच्या बाबतीत याचा परिणाम सहज लक्षात येईल. अशा शेतकऱ्यास पेरणीच्या दिवसांत सहा आठवडे पाय टेकू नये असे सांगणे सोपे. ते पाळणे त्याला परवडत नाही. पायावर अचूक बसणारे प्लॅस्टर घातल्यास भार सर्व तळव्यावर विभागला जातो, रुग्ण हिंडू-फिरू शकतो आणि व्रण भरतो. आत मृत अस्थी असल्यास मात्र ती आधी काढावी लागते. मोठ्या, स्वच्छ झालेल्या व्रणावर त्वचारोपण करतात. व्रण भरल्यावर मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल आवश्यक असते. लुळ्या पडलेल्या पावलासाठी पिंढरीतील शाबूत स्नायूची कंडरा पावलाच्या वरच्या बाजूस जोडतात. बोटांसाठीही अशाच प्रकारे कंडरा फिरवितात.

महाराष्ट्रात हे कार्य नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी रुजविले. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आल्यावर त्यांनी पुण्याजवळ कोंढवा येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील आपल्या विभागात, म्हणजे सर्वसाधारण रुग्णालयातच, त्यांनी या रुग्णांना दाखल करून घेतले. वैद्यकीय दृष्ट्या यात नवीन असे फारसे नसले, तरी सामाजिक दृष्ट्या हे पाऊल शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे ठरले.

विदर्भात कुष्ठरोगाचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिले. तेथे अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन ही वसाहत उभारली, तर अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुऔषधी उपचारांची शिफारस केली, तेव्हापासून रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झाले. परंतु नष्ट झालेली संवेदना औषधांनी बहुधा परत येत नाही. त्यामुळे रोगमुक्त व्यक्तीसही व्रण होतात. म्हणून अशा व्यक्तीने पाय रोज पाण्यात भिजवून तेल लावावे आणि तळवे डोळ्यांनी तपासावे, असे शिकविण्यात येते.