झाळ सोडवणारे हात

मंडळी, कल्हईवाला तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. झाडाच्या सावलीत लहानसा खड्डा खणून तो भट्टी पेटवायचा, भाता चालवायचा. तापलेल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की पितळ चांदीसारखे लखलखायचे. नवसागराचे काम एवढेच, की धातूवर चढलेली मळकट पापुद्र्याची साय निघून जावी आणि कथील नीट चिकटावे. गळक्या घागरीला झाळ देणाऱ्याचेही तंत्र थोडेफार हेच.

रेडिओच्या पोटात जे सोल्डर असते, ते या झाळीचेच धाकटे भावंड. त्यात कथलाबरोबर शिसे असते आणि नवसागराऐवजी पाइनच्या झाडाची राळ. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की ते मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते. कमी उष्णतेत जोड बसतो, म्हणून रेडिओवाल्यांनी ते आपलेसे केले.

जोडण्याची ही विद्या हजारो वर्षे जुनी आहे. मला आज बोलायचे आहे ते उलट्या विद्येबद्दल. बसलेला जोड सोडवायचा, पण आजूबाजूला इजा होऊ द्यायची नाही, या विद्येबद्दल.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत ही अडचण फारशी नव्हती. व्हॉल्व्ह हाताने उपटून काढता येई. बाकीचे भाग जाड पितळी पट्ट्यांना तारांनी जोडलेले असत. जोड तापवला, तार उलगडली, काम झाले. पुढे पॉल आइझलर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये तारांच्या जंजाळाऐवजी फळीवर तांब्याच्या पट्ट्या छापण्याची कल्पना रेडिओत उतरवली. १९४७ मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. १९६२ मध्ये बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनवायला सुरुवात केली. छापील सर्किट आणि ट्रान्झिस्टर यांची जोडी जमली आणि विजेचा खांब न पोचलेल्या कोकणातल्या वाड्यांवरही सेलवर चालणारा रेडिओ पोचला. १९७७ मध्ये रत्नागिरीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा तर तो घरचाच माणूस झाला.

पण या नव्या पाहुण्याचे अंग नाजूक होते. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर साधारण ऐंशी-नव्वद अंशांपलीकडची उष्णता सोसत नसे. फळीवरची तांब्याची पट्टी सामान्यतः ३५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाच्या साधारण निम्मी, आणि कागद व फिनॉलच्या तपकिरी फळीवर नुसती डिंकाने चिकटवलेली. आयर्न जरा जास्त वेळ टेकले की डिंक सुटे आणि पट्टी उचलली जाई.

हे मी पुस्तकात वाचले नाही, स्वतः करून पाहिले. शाळेत असताना वडिलांच्या ट्रान्झिस्टरमधली स्पीकरची तार तुटली. मी मागून आणलेले सोल्डरिंग आयर्न जुन्या जोडावर दाबून धरले आणि वर तार ओढली. तारेबरोबर तांब्याची पट्टीही वर आली. संध्याकाळच्या बातम्या बुडाल्या. दुसऱ्या दिवशी लांज्याच्या बाजारात रेडिओवाल्या काकांकडे तोंड लपवत गेलो. त्यांनी फळी उलटसुलट पाहिली आणि एवढेच म्हणाले, "अरे बाळा, जोडायला कुणालाही येतं. सोडवायला शीक."

उचललेल्या पट्टीच्या जागी त्यांनी तारेचा एक बारीक धागा बसवला. मग मला तिथेच बसवून रीत दाखवली. जुना जोड काढायचा तर आधी त्यावर थोडे ताजे सोल्डर घालायचे. नव्या राळेने जुना कीट सुटतो आणि सगळे एकदम पातळ होते. दोन-तीन सेकंदांवर आयर्न ठेवायचे नाही. वरच्या बाजूने ट्रान्झिस्टरचा पाय चिमटीच्या पकडीत धरायचा, म्हणजे उष्णता पकडीत उतरते. जाळीदार तारेचे तांब्याचे वेष्टण राळेत बुडवून जोडावर ठेवले, की दिव्याची वात तेल ओढते तसे ते वितळलेले सोल्डर ओढून घेते. नाही निघाले तर थांबायचे, गार होऊ द्यायचे. ओढायचे मुळीच नाही. आणि अनेक पायांचा भाग नक्की मेलेला असेल, तर आधी त्याचे पाय कापायचे आणि मग एकेक पाय वेगळा काढायचा. भाग गेला तरी चालेल, फळी वाचली पाहिजे.

लांज्यासारख्या गावी या शिस्तीला कारण होते. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. ओल्या हवेत जोड हिरवे पडत. नवा भाग हवा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखाद्या चाकरमान्याने एस.टी.तून आणायचा. म्हणून मोडीतल्या सेटमधला चांगला भाग धडधाकट काढून डब्यात ठेवणे हीच दुकानाची पुंजी. ज्याला सोडवता येई, त्याचेच दुकान चाले.

पुढे कारखाने जोडण्यात वेगवान होत गेले आणि सोडवणे अवघड होत गेले. १९८० च्या दशकात भोकात न शिरता फळीवर पृष्ठभागालाच चिकटणारे भाग आले. मग पायच नसलेल्या, पोटाखाली सोल्डरचे मणी असलेल्या चिप आल्या. त्यांना आयर्न पोचत नाही. तिथे मोजून सोडलेली गरम हवा लागते. १ जुलै २००६ पासून युरोपने बहुतेक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले. कामगारांच्या आणि मातीच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण बिनशिशाचे सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे नाजूक भागांना आणखी ताप. प्रत्येक वेळी दुरुस्तीवाल्याने नवे हत्यार घेतले. नियम मात्र काकांचेच राहिले.

आज आपण बिघडलेली वस्तू फेकून देतो. त्यातल्या किती फळ्या कुठे तरी उघड्यावर जाळल्या जातात किंवा आम्लात बुडवल्या जातात. तिथेही जोड सुटतात, पण भागही मरतो, मातीही मरते आणि काम करणाऱ्याची फुप्फुसेही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. हे हवेच होते. पण कागदावरचा हक्क शेवटी कुणाच्या तरी हातातून उतरावा लागतो. तुमच्या बाजारपेठेत असा एखादा हात अजून शिल्लक असेल, तर पुढची वस्तू फेकण्याआधी एकदा त्याच्याकडे जाऊन या. आणि घरातल्या एखाद्या पोराला बरोबर न्या.