बदली कामगार आणि फाटकावरची सकाळ

मुंबईच्या कापड गिरण्यांत नोकरी मालक देत नसे, जॉबर देत असे. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागपर्यंत भोंगे वाजू लागले. हजारो माणसे लागत होती. ती आणणारा, कामावर लावणारा, रजा देणारा आणि काढणाराही जॉबरच. त्याच्या हातावर दस्तुरी ठेवल्याशिवाय काम मिळणे कठीण असे. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे होता.

सर्वांत वाईट हाल बदलीवाल्यांचे. कायम कामगाराचा खाडा पडला तरच त्यांना काम. त्यामुळे घाटावरून, कोकणातून आलेली माणसे रोज भोंग्याआधी फाटकावर उभी राहत. किती साचे (यंत्रे) रिकामे आहेत ते पाहून जॉबर तेवढी माणसे आत घेई. उरलेल्यांनी खोलीवर परतायचे. गेलेल्या सकाळीचा एक पैसाही मिळत नसे. हा निव्वळ अन्याय होता, कारण गिरणीला ही गर्दी हवीच होती. खाडे कितीही पडले तरी साचे बंद राहत नसत आणि त्याची किंमत बदलीवाले भरत.

काहींना तर उभे राहूनही उपयोग नव्हता. मागाच्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. उष्ट्या धाग्याच्या विटाळाचे कारण पुढे करून जास्त पगाराच्या विणकाम खात्यातून अस्पृश्य कामगारांना दूर ठेवले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

जॉबरचा भरतीचा अधिकार काढून घ्यावा, असे कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात सुचवले. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कार्डे आणली. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना कार्ड मिळे, रिकाम्या जागा आधी त्यांना, ते कमी पडले तरच बाहेरच्यांना. जॉबरच्या मनमानीला यामुळे थोडा लगाम बसला. पण कार्डवाल्यानेही रोज सकाळी हजर राहायचेच होते, आणि काम नाही मिळाले तर पगार नव्हताच.

म्हणूनच १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपातही बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती.