आखाड्यांतून अंगणांत



व्यायामाचा इतिहास म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तांबड्या मातीचा आखाडा आणि दंड थोपटून उभा राहिलेला तरुण येतो. त्या चित्रांत आई नसते, बहीण नसते, आजोबा नसतात. मला आज जो इतिहास सांगावयाचा आहे, तो व्यायाम आखाड्यांतून घराच्या अंगणांत कसा आला, ह्याचा आहे.

भंडारा-पवनी रस्त्यावरील अड्याळ हें माझें गांव. हा सारा भाताचा मुलुख. माझ्या लहानपणीं 'व्यायाम' हा शब्द आमच्या घरीं कोणी उच्चारीत नसे. पावसाळा लागला कीं रोवणी सुरू होई. वडील आणि काका पऱ्हे उपटीत, त्याच्या पेंड्या आम्ही मुलें बांधींत नेऊन टाकीत असूं, आणि आई, काकू, आत्या चिखलांत ओळीनें वाकून रोवीत रोवीत मागें सरत. सायंकाळीं सर्वांची पाठ सारखीच दुखे, आणि म्हणून जेवतांना सर्वांचें बोलणेंही एकाच विषयावर होई. त्या कष्टांचे गोडवे मी गात नाहीं. पोटासाठीं वाकावें लागणें निराळें आणि आरोग्यासाठीं वाकणें निराळें. परंतु शरीराचे श्रम एकत्र होत होते, तोंवर घरही एकत्र होतें, एवढें खरें. पुढें मुलें शिकलीं, नोकरीला लागलीं, बसून काम करूं लागलीं. कष्ट गेले हें बरें झालें. पण त्यांच्याबरोबर सोबतही गेली.

मग त्या सोबतीची जागा कशानें भरून काढावी? आमच्या विदर्भांत व्यायामाची परंपरा लहानसहान नाहीं. अंबादासपंत आणि अनंत ह्या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस ज्या कार्याचा पाया घातला, तें पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ह्या नांवानें सर्वत्र गाजलें. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. हें कार्य थोरच आहे. तथापि संस्था कितीही मोठी असली, तरी तिच्याकडे घर सोडून जावें लागतें. चुलीपाशीं अडकलेल्या गृहिणीनें, सहा वर्षांच्या मुलानें आणि साठीच्या म्हाताऱ्यानें एका वेळीं, एका जागीं काय करावें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सातारा जिल्ह्यांतील औंधास जावें लागतें.

औंध हें एक लहानसें संस्थान होतें. तेथील अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांचा जन्म १८६८ चा. ते पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तनकारही होते. त्या काळीं युजेन सँडो ह्या पाश्चात्य मल्लाची कीर्ति जगभर पसरली होती. बाळासाहेबांनीं १८९७ सालीं त्याचीं उपकरणें व पुस्तकें मागविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें व्यायाम केला. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि ते अखेरपर्यंत सोडले नाहींत. १९०९ सालीं ते गादीवर आले.

नमस्कार त्यांनीं निर्माण केले नाहींत. समर्थ रामदासांच्या नांवाशीं ही उपासना आपल्याकडे फार पूर्वींपासून जोडलेली आहे. बाळासाहेबांनीं तिला शिस्त दिली. वाकून हात भुईला टेकणें, एकेक पाय मागें नेणें, साष्टांग होणें, छाती वर उचलणें आणि त्याच क्रमानें परत उभें राहणें, अशा दहा अवस्था, प्रत्येकीला श्वासाचें बंधन आणि आरंभीं सूर्याच्या नांवाचा उच्चार, अशी ती औंधची पद्धति.

सँडोच्या उपकरणांपाशीं एका वेळीं एकच माणूस उभा राहूं शकतो. नमस्काराला एका घोंगडीएवढी जागा पुरते, पैसा लागत नाहीं, प्रतिस्पर्धी लागत नाहीं. त्यांत कोणी जिंकत नाहीं, म्हणून कोणी हरतही नाहीं. मुलानें पंचवीस घालावे, आजोबांनीं पांच घालावे, ओळ एकच. औंधच्या राजवाड्यांत हेंच झालें. राजे पहाटे नमस्कार घालीत, राणीसाहेब घालीत, मुलें घालीत. स्त्रियांनीं व्यायाम करणें हेंच ज्या काळीं नवलाचें होतें, तो हा काळ.

पुढें त्यांनीं नमस्कार संस्थानच्या शाळांतून सुरू केले. राजाज्ञा होती हें खरें. परंतु आज्ञा करणारा स्वतः आधीं घाम गाळून आलेला असे. १९३८ सालीं त्यांचें ह्या विषयावरचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. १९३९ त त्यांनीं राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोपविली, १९४८ त संस्थान विलीन झालें, आणि १९५१ त ते निवर्तले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशीं राहिले. त्यांनीं १९७० सालीं सूर्यनमस्कारांवर स्वतःचें पुस्तक लिहिलें. गादी मुलाकडे आली नाहीं. सवय मात्र आली.

हें सारें मी नोकरींत असतांना वाचलें होतें. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. मीं आयुष्यभर शाळेंत मुलांकडून कवायत करून घेतली. मुलें उन्हांत, आणि शिट्टी घेऊन मी कडुनिंबाच्या सावलींत. घरींही तेंच. मुलाला पहाटे उठवून नमस्कार घालावयास लावीं आणि आपण वर्तमानपत्र उघडून बसें. तो भीतीनें घाली. नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि पहिल्याच महिन्यांत नमस्कार सुटले. पुढें आमचें फोनवरचें बोलणेंही 'बरें आहे ना?' ह्यापलीकडे जाईना.

चार वर्षांपूर्वीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्याला मधुमेह निघाला. त्या दिवाळींत तो गांवीं आला, तेव्हां उपदेश ओठांवर आला होता. तो मीं गिळला. पहाटे अंगणांत घोंगडी अंथरली आणि स्वतःच सुरुवात केली. चौथ्या नमस्काराला दम लागून बसलों. नातू हसला आणि शेजारीं येऊन उभा राहिला. थोड्या वेळानें मुलगाही आला. म्हणाला, "बाबा, तेव्हां एकदां तरी माझ्या शेजारीं उभें राहावयाचें होतें."

मजपाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशींही आम्ही तिघे उभे राहिलों. आतां रोज सकाळीं सहाला पुण्याचा फोन येतो. तिकडे ते तिघे, इकडे मी. आणि माझी पत्नी गुडघ्यांमुळें ओसरीवर खुर्चीचा आधार घेऊन जमेल तेवढी वाकते. मोजावयाचें काम नातवाकडे. माझे बारा होतात. नमस्कार संपल्यावर पांच-दहा मिनिटें बोलणें होतें, आणि तें केवळ प्रकृतीचें नसतें.

मोठ्या माणसांनीं आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें आणि मुलांनीं रोज तासभर अंग हलवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार वा सांध्यांचें दुखणें आहे, त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. नमस्कारच घातले पाहिजेत असा माझा आग्रह नाहीं. कोणी चालावें, कोणी पोहावें. परंतु मुलांना 'जा, कर' असें सांगण्यापूर्वीं आपली घोंगडी आधीं अंथरावी, एवढीच माझी विनंति आहे. औंधच्या राजाला जें समजलें होतें, तें ह्या मास्तराला समजण्यास आयुष्य लागलें. आपणांस तितका वेळ लागूं नये.