निकेल हायड्रॉक्साइड

निकेलचे फिकट हिरव्या रंगाचे, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे संयुग. निकेल लवणाच्या विद्रावात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळल्यास त्याचा साका मिळतो.

संरचना : याचे स्फटिक थरांचे बनलेले असून अल्फा व बीटा अशी दोन रूपे आढळतात. बीटा रूपात थरांमधील अंतर सुमारे ०.४६ नॅनोमीटर असते. अल्फा रूपात थरांमध्ये पाण्याचे रेणू व ऋणायन शिरल्याने ते सुमारे ०.८ नॅनोमीटर होते. क्षारीय माध्यमात अल्फा रूप हळूहळू बीटा रूपात बदलते. विद्युत् घटमालेच्या प्रभारण व विसर्जनाच्या वेळी होणाऱ्या रूपांतरांचा आराखडा बोडे व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडला.

पृष्ठभागीय रसायनशास्त्र : धनाग्रावर याचे निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिडीकरण होते, प्रोटॉन व इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि रंग काळपट होतो. पाण्याच्या विद्युत् विच्छेदनात ऑक्सिजन निर्माण करणारा उत्प्रेरक म्हणून हा पृष्ठभाग अभ्यासला जातो. मात्र ही क्रियाशीलता बरीचशी लोहामुळे येते, असे १९८७ मधील कॉरिगन यांच्या व नंतरच्या प्रयोगांतून दिसले. या विच्छेदनासाठी वापरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या विद्रावातील अत्यल्प लोहही पृष्ठभागात सामावले जाते. म्हणून अचूक मापनाआधी विद्राव लोहमुक्त करतात.

उपयोग : निकेल-कॅडमियम, निकेल-लोह व निकेल-धातू हायड्राइड या विद्युत् घटमालांच्या धनाग्रात हे वापरतात.

धोके : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेल संयुगांचा समावेश मानवाला कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केला आहे.