नसूहची आग आणि आमचे कपाट

आमच्या नानीच्या उशाशी एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात पानाचा डबा, सुरमेदाणी, कुणाकुणाची जुनी पत्रे आणि पुठ्ठा निखळलेले एक पुस्तक असे. पुस्तकाचे नाव 'मिरातुल उरूस', म्हणजे नववधूचा आरसा. नानीचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही आजोळी गेलो की दुपारी ओसरीवर शेवया वळायला बायका जमत. त्या वेळी नानी हे पुस्तक मोठ्याने वाचायची. आम्ही तेव्हा दुसरी-तिसरीत असू. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषांत आमचे बालपण वाटले गेले होते. दिल्लीची ती टोकदार, म्हणींनी भरलेली बेगमाती उर्दू आम्हाला अर्धीच कळे. पण अकबरी आणि असगरी या दोन बहिणी मात्र पुरत्या कळल्या होत्या.

थोरली अकबरी लाडावलेली, भांडखोर. सासू-सासऱ्यांपासून वेगळी राहते, घराची धूळधाण करते आणि हज्जनचे सोंग घेऊन आलेली एक ठकबाई तिला गोड बोलून तिचे दागिने घेऊन पसार होते. धाकटी असगरी शहाणी. तिच्या सासरी मामा अजमत नावाची जुनी मोलकरीण उधारीच्या हिशेबात वर्षानुवर्षे चोरी करत असते. असगरी दुकानदारांचे हिशेब समोरासमोर करवून तिचे पितळ उघडे पाडते. हा प्रसंग आला की ओसरीवरच्या बायका हातातल्या शेवया सोडून ऐकत. आम्हालाही मोठेपणी असगरी व्हायचे होते.

हे पुस्तक लिहिणारे मौलवी नजीर अहमद उत्तरेतल्या बिजनौर जिल्ह्यातले. गरिबीतून वर आलेला हा माणूस. दिल्लीत एका मशिदीत राहून शिकत असताना हा मुलगा घरोघर जाऊन भाकरी गोळा करी. मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी आपल्या या उस्तादाचे शब्दचित्र लिहिले आहे. त्यात एक आठवण येते. एका घरी भाकरी मिळण्याआधी या मुलाला मसाला वाटावा लागे आणि हात थांबला की त्या घरातली लहान मुलगी त्याच्या बोटांवर वरवंटा मारी. पुढे तीच त्यांची बायको झाली. नजीर अहमद दिल्ली कॉलेजात शिकले, शिक्षक झाले, शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर झाले, इंडियन पीनल कोडच्या उर्दू भाषांतरात त्यांनी मोठा वाटा उचलला आणि डेप्युटी कलेक्टरच्या पदाला पोहोचले. म्हणून आजही उर्दू जग त्यांना 'डिप्टी नजीर अहमद' म्हणूनच ओळखते.

मुलींना वाचायला देण्याजोगे पुस्तक बाजारात नाही, हे पाहून त्यांनी आपल्या मुलीसाठी घरीच 'मिरातुल उरूस' लिहायला घेतले. जितके लिहून होई तितके मुलगी वाचे आणि पुढचे मागे. मुलासाठी त्यांनी 'चंद पंद' लिहिले होते. पुढे झाशीकडे शिक्षणखात्याचे संचालक केम्पसन साहेब दौऱ्यावर आले असता हा मुलगा त्यांना भेटला. काय वाचतोस, असे त्यांनी विचारले. मुलाने घरातली हस्तलिखिते आणून दाखवली आणि पुस्तक घराबाहेर पडले, अशी हकिकत सांगितली जाते.

त्याआधी 1868 मध्ये वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे देण्याचे जाहीर केले होते. 1869 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिरातुल उरूस'ला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले, सरकारने दोन हजार प्रती विकत घेतल्या आणि लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनी आपल्याकडून एक घड्याळ भेट दिले. उर्दूतली ही पहिली कादंबरी, असे बहुतेक सगळे मानतात.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात दक्षिणा प्राइज कमिटी मराठी पुस्तकांना अशीच बक्षिसे देत होती. बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे. मराठीतली ती पहिली कादंबरी मानली जाते आणि तिचा विषयही स्त्रियांचेच दुःख, विधवांचे हाल. म्हणजे दिल्लीचा मौलवी आणि मराठीतला ख्रिस्ती लेखक, दोघांनीही कादंबरीचा आरंभ घरातल्या बाईपासून केला. ज्या काळात शरीफ घरातल्या मुलीने लिहायला शिकणे हे संकट समजले जाई, त्या काळात असगरी पत्र लिहिते, हिशेब ठेवते, नवऱ्याला नोकरीचा सल्ला देते आणि मोहल्ल्यातल्या मुलींसाठी मकतब चालवते. नानीला ती का आवडायची, हे आम्हाला बी.एड. करताना समजले. नानीची शाळा चौथीला सुटली होती.

पुढे आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवू लागलो. एकदा वाचनाच्या तासाला आम्ही मोठ्या हौसेने अकबरीची गोष्ट वाचून दाखवली. अकबरी बिघडली कशी, हे सांगताना लेखक तिच्या मैत्रिणींची यादी देतो. कुणी भटियाऱ्याची मुलगी, कुणी कल्हईवाल्याची, कुणी भिश्त्याची, कुणी भाजी विकणाऱ्या कुंजड्याची. तास संपला तेव्हा सहावीतली एक मुलगी जवळ आली. तिच्या वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा आहे. ती म्हणाली, "टीचर, कुंजडे बोले तो हम बागवानच ना? हमारे संग खेली करके अकबरी बिगडी क्या?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. हे पुस्तक आम्ही वीस-पंचवीस वर्षे मनात बाळगले होते. बालपणी ऐकले, पुढे स्वतः वाचले, परीक्षेत त्यावर उत्तरे लिहिली. ती यादी आमच्या डोळ्यांखालून प्रत्येक वेळी गेली आणि एकदाही टोचली नाही. आमच्या वर्गात बागवान आहेत, मोमीन आहेत, अत्तार, मुलाणी, पिंजारी आहेत. उर्दू शाळांची पटसंख्या याच मुलांवर उभी आहे. नजीर अहमद ज्यांना 'शरीफ' म्हणतात, तसली घरे आमच्या शाळेच्या हजेरीपटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. पुण्यात 1848 साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, ती ज्यांना कुणी शिकवत नव्हते त्यांना शिकवण्यासाठी. त्यानंतर एकवीस वर्षांनी आलेल्या या आरशात मात्र कारागिराची मुलगी दिसते ती बिघडवणारी म्हणून. ज्या लेखकाने स्वतः दारोदार भाकरी मागितली, त्याच्याच लेखणीतून हे उतरावे, याचे आम्हाला फार वाईट वाटले.

त्या रात्री आम्ही ठरवले, हे पुस्तक पुन्हा वर्गात न्यायचे नाही. आणि ठरवले त्याच क्षणी नजीर अहमदांचेच दुसरे पुस्तक आठवले.

'तौबतुन्नसूह' 1874 चे. दिल्लीत पटकीची साथ आली आहे. नसूह नावाचा सुखवस्तू गृहस्थ आजारी पडतो, गुंगीत त्याला मेलेल्या वडिलांचे आणि आखिरतच्या हिशेबाचे स्वप्न पडते. बरा झाल्यावर तो तौबा करतो आणि घर सुधारायला निघतो. बायको फहमिदा आणि धाकटी मुले ऐकतात. थोरला कलीम शायर, शतरंज आणि पतंगाचा शौकीन. तो बापाच्या बोलावण्यालाही येत नाही आणि घर सोडून जातो. मग नसूह त्याच्या खोल्यांत शिरतो. तिथे सुंदर बांधणीच्या पुस्तकांची अलमारी असते. नसूह ती पुस्तके चाळतो आणि आग लावतो. 'फसाना-ए-अजायब', मीर हसनची मसनवी, सौदाच्या हजवा, जाफर जटल्ली, 'इंदरसभा', सगळे जळते. धाकटा अलीम आपल्याजवळचे आतिश आणि शरर या शायरांचे संग्रह आणून त्यात टाकतो. आतिश म्हणजे आग आणि शरर म्हणजे ठिणगी. लेखकाला इथेही कोटी सुचलीच. ज्याच्या नायकाने शायरी जाळली, त्याच्या स्वतःच्या हाडीमाशी शायरीची भाषा भिनलेली होती.

यात शेख सादींची 'गुलिस्तान'ही सुटत नाही. नसूहने बायकोला ती शिकवली, पण काही मजकुरावर कागद चिकटवून. मदरशात शेकडो वर्षे मुलांना शिकवली जाणारी 'गुलिस्तान'! या कादंबरीने डॅनियल डीफोच्या 1715 च्या 'द फॅमिली इन्स्ट्रक्टर' या इंग्रजी पुस्तकाचा आधार घेतला, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सरकारने हिलाही बक्षीस दिले आणि केम्पसन साहेबांनी हिचे इंग्रजी भाषांतर केले. 1857 च्या पराभवानंतरचा तो काळ होता. दिल्ली उजाड झाली होती. आपण का हरलो, याचे उत्तर शोधताना पुष्कळ विचारवंतांचे बोट आपल्याच साहित्याकडे गेले. राज्यकर्तेही तेच म्हणत होते, की तुमची शायरी अश्लील आणि तुमचे किस्से निरुपयोगी. त्याच सुमारास आपल्या मराठीत उलटे चालले होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली होती. पुण्यातल्या शास्त्र्याच्या घरी अलिफ लैला पोहोचत होती आणि दिल्लीतल्या मौलवीचा नायक किस्से जाळत होता.

पण वाचकांनी नसूहचे ऐकले नाही. घरातून निघालेला कलीम मिर्झा जाहिरदार बेग या बढाईखोर दोस्ताकडे जातो. दोस्त त्याला पडक्या मशिदीत उतरवतो आणि चण्यांची इतकी तारीफ करत चणे खाऊ घालतो की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. नसूहचे उपदेश विसरले गेले, हा प्रसंग मात्र लोकांच्या लक्षात राहिला. कलीम अखेरीस जखमी होऊन, पश्चात्ताप करून मरतो. तरी वाचक त्याच्यासाठीच हळहळतो. आणि जी पुस्तके नसूहने जाळली, ती आज उर्दूच्या पदवीच्या आणि एम.ए.च्या वर्गांत शिकवली जातात.

सर्वांत कडू भाग पुढचा. नजीर अहमद 'शम्सुल उलमा' झाले, कुरआन शरीफचा दिल्लीच्या बोलीभाषेत तर्जुमा करून नावाजले गेले. 1908 मध्ये त्यांचे 'उम्महातुल उम्मा' प्रसिद्ध झाले. एका ख्रिस्ती टीकाकाराला उत्तर म्हणून, इस्लामच्या बाजूनेच लिहिलेले हे पुस्तक. पण त्यातली घरगुती वळणाची भाषा पवित्र व्यक्तींच्या अदबीला शोभत नाही, असा गदारोळ उठला. पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. 1912 मध्ये नजीर अहमद वारले. म्हणजे आपल्याच पुस्तकाला लागलेली आग त्यांनी जिवंतपणी पाहिली. ज्यांनी ती लावली त्यांची नियतही नसूहसारखीच नेक असणार.

आता आमचे सांगतो. आम्ही शिक्षणसेवक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेला कुणीतरी पुस्तके देणगी दिली होती. त्यात मुलांसाठी सोप्या केलेल्या अमीर हमजाच्या दास्ताना होत्या, परीकथा होत्या, इब्ने सफींच्या काही जासूसी कादंबऱ्या होत्या. दोन-तीन पालक येऊन म्हणाले, जादूच्या आणि खुनाच्या गोष्टींनी पोरांचे अखलाक बिघडतील. ग्रंथालयाचे काम आमच्याकडे होते. आम्ही वाद घातला नाही. नोकरी कायम व्हायची होती. तेवीस पुस्तके पोत्यात भरून आम्ही ती स्टोअररूममध्ये ठेवली आणि रजिस्टरात लिहिले, 'जीर्ण'. नवीन कोरी पुस्तके होती ती. कुणी आम्हाला दुसऱ्यांदा सांगायलाही आले नाही.

बागवानाच्या त्या मुलीने प्रश्न विचारल्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही ते पोते उघडले. खालच्या बाजूने वाळवी लागली होती. अकरा पुस्तके वाचण्याजोगी उरली होती, बाकीची खरोखरच जीर्ण झाली होती. नसूहला काडी ओढावी लागली, आम्हाला ओलसर खोली पुरली. ती अकरा पुस्तके आम्ही झटकून कपाटात लावली आणि रजिस्टरातली नोंद सही करून दुरुस्त केली.

'मिरातुल उरूस'ही त्याच कपाटात ठेवले. ते काढून टाकणे म्हणजे पुन्हा नसूहचेच काम झाले असते, फक्त कारण वेगळे. त्या मुलीला आम्ही सांगितले, "बेटा, लिखनेवाले ने यहाँ गलती की. तू पूरी किताब पढ और बता, और कहाँ कहाँ गलती की." तिने सावकाश, महिनाभराने पुस्तक परत केले. म्हणाली, असगरी हुशार आहे, पण मामा अजमतला पगार किती मिळायचा ते पुस्तकात नीट सांगितलेलेच नाही. उर्दूच्या मोठमोठ्या समीक्षा आम्ही वाचल्या होत्या. हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता.

नानी आता नाही. तिची पत्र्याची पेटी आमच्याकडे आली आहे. आपल्या घरांतही अशा पेट्या असतील. त्यांतली पुस्तके काही निर्दोष नसतात. कुणाला त्यात कुफ्र दिसेल, कुणाला अंधश्रद्धा, कुणाला जातीचा गर्व. दिसले तर समासात पेन्सिलीने लिहावे, मुलांसमोर मोठ्याने बोलावे. पण पुस्तक मुलांच्या हातात राहू द्यावे. आमच्या त्या बारा पुस्तकांची नावेही आता आम्हाला नीट आठवत नाहीत आणि ती कुणी वाचली असती, हे तर कधीच कळणार नाही.