बुळकांडीचा इतिहास आणि शाळेतील मुले

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ असे तिचे भारदस्त नाव होते, आणि तिची सूत्रे डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाती होती. पुण्याचे वाडे, पेठा, सभा आणि वृत्तपत्रे यांविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. या प्रयोगशाळेचे नाव मात्र शाळेत क्वचितच निघते. ती माणसांसाठी नव्हती, गुरांसाठी होती, हेच त्याचे कारण असावे.

दहावीच्या मुलांना ‘पुढे काय होणार?’ असे विचारले की डॉक्टर, अभियंता, पोलीस, शिक्षक ही उत्तरे येतात. ज्या घरी गोठा आहे, जो मुलगा पहाटे धार काढून शाळेला येतो, तोही पशुविज्ञानाचे नाव घेत नाही. घेतलेच तर वर्गात कोणीतरी ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून हसतो. आमच्या सीमाभागातील शाळांत व्यवसाय-मार्गदर्शनाचा तास असतो. त्यात अभ्यासक्रमांची यादी वाचून दाखविली जाते, आणि ती ऐकून कोणाचेही मन हलत नाही. म्हणून मी यादी बाजूला ठेवून एका रोगाची हकीगत सांगतो.

तो रोग म्हणजे गुरांची बुळकांडी. आज हा शब्द बहुतेकांना पोट बिघडण्यापुरताच ठाऊक आहे. एकेकाळी तो ऐकून गाव हादरत असे. जनावराला ताप चढे, डोळ्यांना धार लागे, तोंडात व्रण उठत, मग हगवण सुरू होई, आणि थोड्याच दिवसांत धडधाकट बैल आडवा होई. ज्या काळी नांगर, मोट आणि गाडी ही तिन्ही बैलाच्या खांद्यावर होती, त्या काळी बैलजोडी मेली की पेरणी बुडे आणि सावकाराचे दार गाठावे लागे. सरकारने नेमलेल्या गुरांच्या साथीविषयक आयोगाने १८७१ साली अहवाल दिला, त्यानंतर अठरा वर्षांनी पुण्याची प्रयोगशाळा निघाली. सरकारी कामाची ही गती आपल्या परिचयाची आहेच!

संसर्गजन्य रोगावरील प्रयोगांना पुण्याची उष्ण हवा आणि दाट वस्ती सोयीची नव्हती. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ साली रॉबर्ट कॉख प्लेगच्या निमित्ताने मुंबईस आले, तेव्हा ते मुक्तेश्वरलाही जाऊन आले. त्याआधी ते दक्षिण आफ्रिकेत याच बुळकांडीशी झुंजत होते. आफ्रिकेत ती १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी नेलेल्या गुरांबरोबर पोहोचली, आणि ती गुरे हिंदुस्थानातून गेली होती असे मानले जाते. पुढल्या दहा वर्षांत त्या खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील गोधनाचा फार मोठा हिस्सा नष्ट झाला, आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला.

हा रोग जंतूहून सूक्ष्म, गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे १९०२ साली निकोल आणि आदिल बे यांनी इस्तंबूल येथे दाखविले. पण मुक्तेश्वरला कारण कळण्याची वाट न पाहता उपाय चालू होते. रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तातील रक्तजल काढून ते निरोगी जनावरांना टोचीत. त्याचे संरक्षण थोडेच दिवस टिके. म्हणून रक्तजलाबरोबरच रोगी जनावराचे रक्तही टोचण्याची रीत आली. तिने प्रतिकारशक्ती टिकाऊ होई, परंतु त्या रक्तातून गोचीड-तापासारख्या दुसऱ्याच रोगाचे परजीवी निरोगी जनावरात शिरत.

येथे जे. टी. एडवर्ड्स यांचे काम सुरू होते, आणि वर्गात मी या ठिकाणी सर्वांत जास्त वेळ थांबतो. गुरांच्या रक्तातले परजीवी टाळायचे म्हणून त्यांनी १९२० नंतरच्या दशकात तो विषाणू शेळ्यांमध्ये वाढविण्यास घेतला. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे शेकडो वेळा. हेतू स्वच्छ विषाणू मिळविण्याचा होता. होता होता असे दिसून आले की शेळ्यांत मुरलेला विषाणू गुरांच्या बाबतीत सौम्य झाला आहे; तो गाईबैलाला मारीत नाही, पण त्याला आयुष्यभर पुरेल अशी प्रतिकारशक्ती देतो. रक्तजलाची गरजच उरली नाही! शेळीच्या प्लीहेपासून बनविलेली ही लस पुढे देशभर गेली. (कोंबड्या पाळणाऱ्यांना परिचित असलेला राणीखेत रोगही १९२७ साली याच एडवर्ड्स यांनी वर्णिला. राणीखेत हे त्याच डोंगरांतले गाव.)

‘मग त्या शेळ्यांचे काय झाले?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो विचारणारी बहुधा मुलगीच असते. त्या मारल्या गेल्या, असे मी सांगतो. हे उत्तर गुळमुळीत करू नये असे माझे मत आहे. ज्याला या शास्त्रात जायचे आहे त्याने हा हिशेब उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. आज १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. संस्थेला नोंदणी करावी लागते, प्रयोगाची आवश्यकता पटवावी लागते. शिवाय कसायाच्या सुरीची गरज कमी करणारे ज्ञानही याच शास्त्रातून आले. वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात १९६० च्या सुमारास काचेच्या पात्रात वाढविलेल्या वासराच्या मूत्रपिंडपेशींवर विषाणू सौम्य केला, तेव्हा लसीच्या प्रत्येक खेपेसाठी शेळी मारण्याचे कारण उरले नाही. त्या कामाबद्दल त्यांना १९९९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्या देशात १९५४ साली बुळकांडी-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली. खेडोपाडी, वाड्यावस्त्यांवर, जत्रेत आणि बाजारात जनावरे धरून टोचणाऱ्या माणसांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. रोग संपत आल्यावर काम सोपे झाले असे मात्र नव्हे. लस बंद करून ‘आता रोग खरोखर नाही’ हे सिद्ध करणे अधिक कठीण होते. त्यासाठी रक्ताचे नमुने तपासणारे, संख्याशास्त्र जाणणारे आणि धनगराच्या तळावर बसून त्याचे म्हणणे ऐकून घेणारे, असे सर्वच लागले. भारतात शेवटचा रोगी १९९५ साली आढळला. २००६ साली देश रोगमुक्त घोषित झाला, आणि २०११ साली सारे जग. मानवाने पृथ्वीवरून पुसून टाकलेले आजवर दोनच रोग: माणसांची देवी आणि गुरांची ही बुळकांडी.

एवढे ऐकल्यावर मुले स्वतःच विचारतात, ‘तेथे कसे जायचे?’ तेव्हा माहिती सांगण्यास अर्थ येतो. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र; मग पशुवैद्यक पदवीची साडेपाच वर्षे, त्यात प्रत्यक्ष कामाचा काळही आला. १८८६ साली निघालेले परळचे महाविद्यालय आहे, शिरवळचे आहे, कर्नाटकाचे पशुवैद्यक विद्यापीठ बीदरला आहे. पुढे पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन. पुण्याहून गेलेली ती प्रयोगशाळा आज ‘भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था’ या नावाने बरेलीजवळ इज्जतनगरला आहे, आणि मुक्तेश्वरलाही तिचे काम चालू आहे. पशुवैद्यक नको असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा दुग्धशास्त्र यांच्या वाटेनेही संशोधनात शिरता येते. कर्नालची दुग्धसंशोधन संस्था त्याचे उदाहरण आहे.

२०२२ साली महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लंपी आली, तेव्हा अंगावर गाठी उठलेली गुरे मुलांनी आपापल्या गोठ्यांत पाहिली. त्या वेळी गुरांना जी लस टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीवरची होती, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. खास लंपीसाठीची लस हिस्सार आणि इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी तयार करून दाखविली. हे सांगितल्यावर गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, शेळीची लस गाईला किती दिवस पुरते?’ त्याच्या घरची एक गाय त्या साथीत गेली होती. मी त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले, आणि तेथील डॉक्टरांनी त्याला तासभर समोर बसवून घेतले.