संगमावरील पादुका

कृष्णा महाबळेश्वराहून येते, पंचगंगा कोल्हापुरावरून येते. शिरोळ तालुक्यांतील नृसिंहवाडी येथें दोघींची भेट होते आणि पुढें कृष्णा हें एकच नांव उरतें. या संगमीं, औदुंबराच्या छायेंत, नृसिंहसरस्वतींनीं बारा वर्षें वास केला, असें दत्तसंप्रदायाची परंपरा सांगते. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील हे संन्यासी पुढें गाणगापुरास गेले. वाडीस त्यांच्या मनोहर पादुका राहिल्या. गाभाऱ्यांत मूर्ति नाहीं. पूजा होते ती पादुकांची.

या देवालयावर उंच शिखरही नाहीं. त्याची घडण पाहून नवख्या यात्रेकरूस मशिदीचा भास होतो, आणि त्याचें कारण गांवकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. विजापूरच्या एका आदिलशहाची कन्या अंध झाली होती. तो या पादुकांना शरण आला, मुलीस दृष्टि लाभली आणि कृतज्ञतेनें त्यानें हें मंदिर बांधविलें, पलीकडील औरवाड व गौरवाड हीं गांवें इनाम दिलीं, अशी ती कथा आहे.

या कथेंतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आदिलशाहीची स्थापना 1490 सालची. तोंवर नृसिंहसरस्वतींचा अवतार समाप्त झाला होता. अर्थात् शहाला स्वामींचें दर्शन, उपदेश अथवा दीक्षा यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं. त्याच्यापुढें होत्या त्या केवळ पादुका. तो मुसलमानच राहिला. पुजाऱ्यांचा आचारही बदलला नाहीं. कोणीं कोणास आपल्या पंथांत ओढलें नाहीं, तरी मस्तक एके ठायीं लवलें. धर्मांच्या मुळाशीं असणारें सत्य एक आहे, हें तत्त्व तेथें वादानें सिद्ध झालें नाहीं. तें आचरणांत आलें.

सोळाव्या शतकांत सरस्वती गंगाधरांनीं लिहिलेल्या 'गुरुचरित्रा'त हाच विचार निराळ्या रूपानें येतो. अंगावरील स्फोटकानें पीडलेला बेदरचा मुसलमान राजा स्वामींकडे येतो व व्याधिमुक्त होतो. त्याच शतकांत पैठणच्या एकनाथांनीं (1533–1599) हिंदु-तुर्कांचा संवाद रचला. त्यांत दोघे परस्परांच्या आचारांतील वैगुण्यें रोखठोक काढतात आणि अखेरीस एकमेकांस आलिंगन देतात. नाथांनीं मतभेद झांकला नाहीं. तो बोलून संपविला. पुढें श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीं 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठींतच लिहिला. विजापुरांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानें (राज्यकाल 1580–1627) 'किताब-इ-नवरस'मधील दखनी गीतांत सरस्वतीचें स्तवन केलें आणि गुलबर्ग्याचे सूफी गेसूदराज यांसही वंदन केलें.

परंतु हा इतिहास केवळ सलोख्याचा समजल्यास मोठी चूक होईल. ज्या विजापूरच्या गादीकडे वाडीची कथा मंदिराचें श्रेय देते, त्याच गादीचा सरदार अफझलखान 1659 सालीं स्वारीवर निघाला, तेव्हां तुळजापूरची देवी त्यानें भंगिली, असें मराठी बखर सांगते. त्याच वर्षीं उत्तरेंत दारा शुकोह याचा वध झाला. दारानें 1655 सालीं सूफी व वेदान्ती विचारांचें साम्य दाखविणारा ग्रंथ लिहून त्यास 'दोन सागरांचा संगम' या अर्थाचें नांव दिलें होतें, आणि 1657 सालीं उपनिषदांचें फारसी भाषांतर सिद्ध केलें होतें. सत्तास्पर्धा हें त्याच्या वधाचें खरें कारण होय. परंतु त्यावर शिक्का मारला गेला तो धर्मद्रोहाचा. एकत्वाची वाणी बोलणाऱ्यास त्या काळीं केवढें मोल द्यावें लागे, हें यावरून कळतें. म्हणूनच वाडीकरांनीं परधर्मी राजाचा उपकार न लपवितां अभिमानानें जतन केला, याचें महत्त्व विशेष आहे.

ज्यांच्या नांवाचा हा संप्रदाय, ते दत्तात्रेय चोवीस गुरूंचे शिष्य मानले जातात. पृथ्वी, वायु, समुद्र, मधमाशी, बाण घडविणारा कारागीर हे सारे त्या गुरूंत आहेत. डोळे उघडे ठेवून सृष्टीकडे पाहणें हाही त्या मार्गांत ज्ञानाचा उपाय होय. आणि शास्त्रज्ञाची वाट तरी याहून फार वेगळी कोठें आहे?

पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी चढतें, उत्तरेच्या दारानें मंदिरांत शिरतें, पादुकांवरून वाहतें आणि दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. या दक्षिणद्वार सोहळ्यास भाविक स्नानासाठीं धांवतात. त्याच वेळीं अभियंता पुलाजवळ पाण्याची पातळी मोजत असतो. 2005 व 2019 सालच्या महापुरांत त्या मोजणीचें मोल साऱ्या शिरोळ तालुक्यास कळलें. एकास तें पाणी तीर्थ आहे, दुसऱ्यास तो फुटांचा आंकडा आहे. भाविकाच्या ओंजळीनें धोक्याची सूचना मिळत नाहीं आणि आंकड्यानें मन शांत होत नाहीं. परंतु दोघांपुढून वाहणारें पाणी एकच असतें.